रहस्यकथेचे मुख आणि मुखवटा

अ‍ॅगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची एक कादंबरी १९३९ च्या नोव्हेंबरात लंडनला प्रसिद्ध झाली. बहुतांशी परस्परांना अनोळखी असलेली आठ माणसे आणि त्यांच्या सरबराईसाठी ठेवलेले एक नोकर जोडपे, अशी दहा जणे डेव्हनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर एकत्र येतात. निमंत्रण देणाऱ्या यजमानाचा मात्र पत्ता नाही. प्रत्येकाच्या खोलीत एक बालगीत चौकटीत घालून लावलेले, आणि जेवणाच्या मेजावर चिनी मातीच्या दहा लहान बाहुल्या मांडलेल्या. पुढे त्या गीतातल्या क्रमाने एकेक जण मरू लागतो आणि प्रत्येक मृत्यूबरोबर मेजावरची एक बाहुली नाहीशी होते. ज्यांनी ही कादंबरी वाचली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. ज्यांनी वाचलेली नाही त्यांना ते सांगण्याचे पाप आमच्या हातून या सदरात तरी घडणार नाही.

या एका पुस्तकाच्या जगभरात दहा कोटींच्या आसपास प्रती खपल्या असे त्याचे प्रकाशक सांगतात. इतक्या भाषांत आणि इतक्या आवृत्त्यांत फिरलेल्या पुस्तकाला किती मुखपृष्ठे लाभली असतील याची गणती करणे कठीण. गोष्ट एकच, मृत्यू तेवढेच, खुनीही तोच. पण पॅरिसच्या वाचकाने ती हाती घेतली तेव्हा त्याला दिसले ते लंडनच्या वाचकाला दिसले नाही, आणि लंडनच्या वाचकाला जे दिसले ते न्यूयॉर्कच्या दुकानात मांडण्याची प्रकाशकाला छाती झाली नाही. या महिन्यात या निरनिराळ्या चेहऱ्यांविषयी थोडे लिहावे असा विचार आहे. विषय वरवर हलका वाटेल, परंतु तो तसा राहत नाही.

रहस्यकथेचे मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकारापुढची अडचण इतर चित्रकारांना सहसा येत नाही. ऐतिहासिक कादंबरीवर घोडेस्वार आणि किल्ला काढला, कौटुंबिक कादंबरीवर खिडकीशी उभी असलेली स्त्री काढली, की काम भागते. कथेचे त्यात काही बिघडत नाही. रहस्यकथेत मात्र चित्रकाराला सर्व ठाऊक असते आणि वाचकाला काहीच ठाऊक नसते. चित्र वाचकाला दुकानात थांबवण्याइतके बोलके हवे, आणि दोनशे पानांपर्यंत गुपित राखण्याइतके मुके हवे. आर्थर कॉनन डॉइल यांची बास्करव्हिलच्या श्वानाची कादंबरी १९०२ साली पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा आल्फ्रेड गार्थ जोन्स या चित्रकाराने ही कसरत फार चांगली साधली. लाल कापडी बांधणी, सोनेरी चंद्रबिंब आणि त्यापुढे श्वानाची नुसती काळी आकृती. ते जनावर हाडामांसाचे की पिशाच्च, हा त्या कथेतला खरा पेच. काळ्या सावलीला हाडमांस आहे की नाही हे कोण सांगणार? चित्रकाराने श्वान दाखवला, आणि पेच जागच्या जागी ठेवला.

काही प्रकाशकांनी या अडचणीवर सोपी तोड काढली. चित्रच नको! फ्रान्समध्ये १९२७ साली 'ल मास्क' नावाची रहस्यकथांची माला सुरू झाली. तिचे पहिलेच पुस्तक ख्रिस्तीबाईंचे होते, रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाचे. मालेतल्या पुस्तकांचा रंग पिवळा, आणि त्यावर एक मुखवटा व पिसाची लेखणी हे चिन्ह. आपली दहा बाहुल्यांची कादंबरी १९४० साली फ्रेंचमध्ये गेली ती याच पिवळ्या वेषात. इटलीत मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ पासून रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात काढल्या, आणि तो रंग त्या प्रजेच्या मनात असा बसला की आज इटालियन भाषेत रहस्यकथेला 'जालो' असेच म्हणतात. जालो म्हणजे पिवळा. मुखपृष्ठाच्या रंगाने एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराचे बारसे केल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला आठवत नाही. (मराठीत 'पिवळी पुस्तके' म्हटले की भलताच अर्थ निघतो. रंगांनाही आपापले देश असतात.) पुढे मोंदादोरीने त्या पिवळ्यावर लाल कडेचे वर्तुळ काढून त्यात चित्र घालायला सुरुवात केली, कार्लो याकोनो या चित्रकाराने अशी असंख्य वर्तुळे भरली. तरी चित्राहून पिवळ्याचा मान मोठाच राहिला.

इंग्लंडात १९३५ साली पेंग्विनची पुस्तके निघाली. पहिल्या दहांत ख्रिस्तीबाईंची पहिली कादंबरी होती. कथाकादंबऱ्यांना नारिंगी पट्टे, चरित्रांना निळे, रहस्यकथांना हिरवे. चित्र कोठेच नाही. किंमत सहा पेन्स, म्हणजे तेव्हाच्या दहा सिगारेटींच्या पाकिटाएवढी. यात सौंदर्यदृष्टी होती तसा हिशेबही होता. त्या काळच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक लागे, आणि तोच कागद यंत्रावर तितक्या वेळा चढवावा लागे. ज्यांनी आपल्याकडच्या जुन्या छापखान्यांत तीनरंगी मुखपृष्ठ छापून घेतले असेल, त्यांना तो खर्च आणि रंग सरकल्यावर होणारा मनस्ताप, दोन्ही ठाऊक असतील. हिरव्या पट्ट्याने पैसा वाचला, रहस्यही वाचले, आणि स्टेशनवर गाडी सुटता सुटता वाचकाला लांबूनच कळले की हे आपल्या कामाचे पुस्तक आहे.

परंतु वाचक हा चित्राचा भुकेला असतो, आणि पट्ट्यांवर त्याची भूक फार काळ भागत नाही. १९६२ पासून फाँटाना या इंग्रजी प्रकाशनाने ख्रिस्तीबाईंच्या स्वस्त आवृत्त्यांसाठी टॉम अ‍ॅडम्स या चित्रकाराची योजना केली. भारतातल्या पुस्तकांच्या दुकानांतून, रद्दीवाल्यांच्या ढिगांतून आणि इंग्रजी वाचणाऱ्या घरांतून ज्या ख्रिस्ती दिसत आल्या, त्यांतल्या कित्येक याच. अ‍ॅडम्सची रीत अशी होती की तो कादंबरी बारकाईने वाचे, तीतून दोनचार वस्तू उचली आणि त्या इतक्या हुबेहूब रंगवी की पाहणाऱ्याला त्यांचे भय वाटावे. एखादे फूल, कवटी, बाटली, किडा. माणसाचा चेहरा त्याला सहसा लागत नसे. विमानात घडणाऱ्या खुनाच्या कादंबरीवर त्याने एक गांधीलमाशी काढली आहे. माशी अगदी डोळ्यांपुढे, विमान दूर आभाळात. त्यामुळे डोंगराएवढी गांधीलमाशी विमानावर झेप घेत आहे असा भास होतो. कथेत गांधीलमाशी आहे आणि विमानही आहे. चित्रकाराने खोटे काहीच सांगितले नाही, फक्त दोघांमधले अंतर पुसून टाकले. पुस्तक वाचून मिटल्यावर पुन्हा चित्राकडे पाहावे, म्हणजे लक्षात येते की खुणेची वस्तू आपल्यापुढे पहिल्यापासून ठेवलेली होती. ख्रिस्तीबाईंचीही हीच रीत. लेखिका आणि चित्रकार यांचे असे एकच व्याकरण असणे दुर्मीळ आहे, आणि आमच्या मते ख्रिस्तीबाईंना अ‍ॅडम्सइतका जाणता चित्रकार मिळाला नाही.

याच अ‍ॅडम्सने आपल्या दहा बाहुल्यांच्या कादंबरीसाठी जे चित्र काढले त्यापाशी मात्र थांबावे लागते. गळफासाला लटकलेली एक काळ्या चेहऱ्याची, पिंजारलेल्या केसांची कापडी बाहुली. इंग्लंडात अशा बाहुल्या घरोघर असत. फ्लॉरेन्स केट अप्टन या बाईंच्या १८९५ सालच्या एका बालपुस्तकातून ही बाहुली लोकप्रिय झाली. चित्र म्हणून ते प्रभावी आहे, कथेशी प्रामाणिकही आहे. परंतु ज्या माणसाच्या आजोबांना खरोखरीच झाडाला फास लावून टांगले होते, अशा कातडीच्या माणसाला ते पुस्तक दुकानाच्या काचेमागे कसे दिसले असेल? अमेरिकेच्या दक्षिण भागात हा प्रकार कथेतला नव्हता. आणि चित्रकाराला एकट्याला दोष देऊन भागत नाही. कारण बाहुली त्याने पुस्तकाच्या नावातून घेतली होती.

ते नाव आम्ही येथे छापत नाही. दहा लहान काळ्या मुलांविषयीचे एक इंग्रजी गाणे फ्रँक ग्रीन याने १८६९ च्या सुमारास रचले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या 'इंडियन' मुलांच्या अशाच गाण्याचा तो अवतार होता. त्यात काळ्या वर्णाच्या लोकांसाठी जो शब्द आहे तो तुच्छतेचा, शिवीसारखा. ख्रिस्तीबाईंनी पुस्तकाला त्याच गाण्याचे नाव दिले आणि इंग्लंडात त्या वेळी कोणाला फारसे खटकले नाही. अमेरिकेत मात्र ते पहिल्या दिवसापासून अशक्य होते. तेथे ही कथा १९३९ मध्येच साप्ताहिकात आणि १९४० च्या आरंभी पुस्तकरूपाने निघाली ती गाण्याच्या शेवटच्या शब्दांवरून घेतलेल्या नावाने, 'अँड देअर देन वेअर नन' नव्हे, 'अँड देन देअर वेअर नन' या नावाने; म्हणजे, आणि मग कोणीच उरले नाही. (जीभ अडखळवणारे नाव आहे खरे.) पुढे १९६४ पासून काही अमेरिकन स्वस्त आवृत्त्यांवर दहा छोट्या इंडियनांचे नाव आले. हे इंडियन म्हणजे आपण नव्हे, तेथले मूळ रहिवासी. कालांतराने त्यांनाही आपल्या मुलांची अशी मोजदाद कशी वाटत असेल, हा विचार झाला आणि बाहुल्या सैनिकांच्या झाल्या, बेटही सैनिकांचे झाले. इंग्लंडातले मूळ नाव जायला १९८५ साल उजाडले. तोवर बाई निवर्तून नऊ वर्षे झाली होती.

फ्रेंच आवृत्तीचा पिवळा वेष निर्दोष असला तरी त्यावरचे नाव मूळ इंग्रजीचेच भाषांतर होते. ते २०२० मध्ये बदलले. ख्रिस्तीबाईंचे पणतू जेम्स प्रिचर्ड यांनी, लोकांना दुखावणारे शब्द आता वापरू नयेत, अशी भूमिका घेतली. 'ते दहा होते' अशा अर्थाचे नवे नाव पुस्तकाला मिळाले आणि आतल्या मजकुरात चौऱ्याहत्तर ठिकाणी असलेला तो शब्द काढला गेला. जर्मन भाषेत तर या पुस्तकाची तीन बारशी झाली. १९४४ मध्ये 'अखेरचा वीकएंड' अशा अर्थाचे नाव, १९८२ मध्ये पुन्हा तेच काळ्या मुलांचे, आणि २००३ मध्ये 'मग कोणीच उरले नाही'. मधल्या खेपेला उलटे पाऊल का पडले, याचे नवल वाटते. चाळीस वर्षे एका निरुपद्रवी नावाने सुखाने खपलेले पुस्तक मुद्दाम जुन्या चिखलात नेण्याचे काय कारण होते?

हा सगळा बदल म्हणजे नसती सोवळ्याओवळ्याची टूम, असे म्हणणारे वाचक आहेत. जुने ग्रंथ जसेच्या तसे ठेवावेत हा त्यांचा आग्रह अगदीच टाकाऊ नाही. अभ्यासकाला मूळ प्रत मिळाली पाहिजे, आणि ती ग्रंथालयांतून मिळतेही. परंतु पुस्तकाचे आतले पान आणि बाहेरचे पान यांत आम्ही भेद करतो. आतले पान जो उघडील त्याच्यासाठी असते. मुखपृष्ठ रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर आदळते. ते न वाचण्याची मोकळीक कोणाला नसते. पाटीवर काय लिहिले आहे, कोणते अक्षर वर आणि कोणते खाली, यावरून आपल्या सीमाभागात किती दिवस आणि किती मने खर्ची पडली हे या मासिकाच्या वाचकांस सांगायला नको. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले तेव्हा घरात, बाजारात कोणाचे बोलणे बदलले नाही, तरी पाटीकडे पाहून प्रत्येकाला काहीतरी वाटलेच. दर्शनी नाव ही क्षुल्लक बाब आहे असे ज्याला वाटते, त्याचे नाव सहसा वरच्या ओळीत असते.

आता एक मौज पाहा. नाव बदलल्यामुळे रहस्याला धक्का लागला का? 'मग कोणीच उरले नाही' हे नाव तर कथेचा शेवटच सांगून टाकते. जपानी भाषेत पुस्तक याच अर्थाच्या नावाने वाचले जाते. फिनिश वाचकांना 'आणि एकही वाचला नाही' असे नावातच बजावलेले असते. तरीही वाचक रात्र जागवतो. कारण शेवट कळणे आणि उलगडा कळणे या दोन गोष्टी आहेत. महाभारतात कोण जिंकले हे ठाऊक असूनही आपल्याकडे कीर्तनाला माणसे बसतातच की. सर्व दहा मेले तर मारले कोणी, हा प्रश्न त्या नावामुळे उलट अधिकच टोचू लागतो. आमच्या मते मूळ नावापेक्षा हे दुसरे नाव कथेच्या दृष्टीनेही सरस आहे, आणि त्याने चित्रकारांची सुटका केली. बाहुली गेली तेव्हा बेट पुढे आले. अलीकडच्या कित्येक आवृत्त्यांवर खडकाळ बेट, त्यावर एकाकी घर, भोवती खवळलेला समुद्र आणि वर ढग असे दृश्य असते. सुरक्षित चित्र, थोडे गुळगुळीतही. पर्यटनाच्या जाहिरातीवर ढगाळ दिवस काढावा तसे. बाहुलीला जी धार होती ती बेटाला नाही, हे कबूल करूनही बेटच बरे असे म्हणावे लागते.

आपल्याकडे या कथेचा सर्वांत ठळक चेहरा पुस्तकावर आला नाही, तो चित्रपटाच्या भित्तिपत्रकांवर आला. १९६५ चा 'गुमनाम' याच कथानकावर बेतलेला. दिग्दर्शक राजा नवाथे, नायिका नंदा. म्हणजे निपाणीहून तासाभरावरच्या कोल्हापूरच्या मास्टर विनायकांची कन्या. (विनायकरावांचे आडनाव कर्नाटकी होते, हे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या अभिमान्यांनी ध्यानी घ्यावे.) त्यात बेट, वाडा, एकामागून एक मृत्यू हे सारे ख्रिस्तीबाईंचे, गाणी, नाच आणि मेहमूद हे आपले. कन्नडातही २०१५ साली 'आटगार' नावाचा चित्रपट याच कथेवरून निघाला. मराठीत ख्रिस्तीबाईंच्या कादंबऱ्या आणल्या त्या रंगभूमीवरील नामवंत नट मधुकर तोरडमल यांनी, आणि शेरलॉक होम्सच्या कथा आणणाऱ्यांत भालबा केळकर होते, तेही रंगभूमीचेच. संवादावर पकड असलेल्यांनी रहस्यकथेकडे वळावे यात नवल नाही. तिच्यातले निम्मे गुन्हे बोलण्यातच उघडकीला येतात.

पण मराठी रहस्यकथेचे खरे दर्शनी घराणे बाबूराव अर्नाळकरांचे. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावे उच्चारली की साठीपुढच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे आधी चित्रे उभी राहतात, गोष्टी मागाहून आठवतात. हजारांहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाला मुखपृष्ठांसाठी रघुवीर मुळगावकरांसारखा चित्रकार लाभला. मुळगावकर गोव्यातल्या अस्नोड्याचे. त्याच काळात मराठी पुस्तकांना आणि दिवाळी अंकांना चेहरा देणारे दीनानाथ दलाल हेही गोव्याचेच. घरात कॅलेंडरवर ज्या हातची लक्ष्मी आणि रामपंचायतन, त्याच हातचा पुस्तकावर पिस्तूलधारी बुरखेवाला! मुळगावकरांच्या देवांचे डोळे जसे पाणीदार, तसे खलपुरुषांचेही. एवढे खरे की आईने कॅलेंडर कौतुकाने टांगावे आणि तेच कौतुक मुलाच्या उशीखालच्या पुस्तकाच्या वाट्याला न यावे.

ही चित्रे टॉम अ‍ॅडम्सच्या चित्रांशेजारी ठेवली तर पहिल्या नजरेत भडक वाटतील. सुंदर तरुणी, घाबरलेले डोळे, मागे सावली, हातात शस्त्र, आणि अक्षरे अशी की जणू भिंतीवर ओरबाडली आहेत. परंतु या दोघांची तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ख्रिस्तीबाईंच्या वाचकाचा प्रश्न 'कोणी केले?' असा असतो. अर्नाळकरांच्या वाचकाला खलपुरुष बहुधा लवकरच कळतो. त्याचा प्रश्न 'आता झुंजार यातून सुटणार कसा?' असा असतो. पहिल्या प्रकारात माणसाचा चेहरा दाखवणे धोक्याचे, कारण तोच खुनी असू शकतो. दुसऱ्या प्रकारात नायकाचा चेहरा दाखवलाच पाहिजे, कारण वाचक त्याला भेटायला आलेला असतो. म्हणून मुळगावकरांचे काम कमी दर्जाचे ठरत नाही. ते वेगळ्या उत्कंठेचे काम आहे. कन्नडात एन. नरसिंहय्यांच्या 'पत्तेदार पुरुषोत्तमा'चेही हेच. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कित्येक घरांत थोरल्याने अर्नाळकर वाचले आणि कन्नड शाळेत गेलेल्या धाकट्याने नरसिंहय्या. पुस्तकांची अदलाबदल झाली नाही, तरी चित्रे दोघांनी पाहिली, आणि चित्र वाचायला लिपी लागत नाही.

आमच्या मनात मधूनमधून एक खेळ येतो. ख्रिस्तीबाईंची ही कादंबरी मुळगावकरांकडे किंवा दलालांकडे गेली असती तर? इंग्रजी बालगीत मराठी घराला ठाऊक नाही. दहा बाहुल्यांचा अर्थ आपल्या वाचकाला चित्रावरून लागला नसता. मराठी चित्रकाराने कदाचित पंगत काढली असती. रांगोळी घातलेले दहा पाट, दहा ताटे वाढलेली, आणि नऊ पाट रिकामे. दहाव्या पाटावर कोण बसले आहे ते समईच्या उजेडात नीटसे दिसत नाही. असले चित्र काढणारा आपल्या बेळगावातही होऊन गेला. के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकलेले रवी परांजपे येथेच जन्मले, येथून मुंबईला आणि तेथून नैरोबीपर्यंत गेले. कथाचित्र कसे बोलावे आणि कोठे थांबावे हे त्यांना नेमके कळत होते. २०२२ साली ते निवर्तले.

हे सारे लिहिण्याचे खरे कारण मात्र अधिक घरगुती आहे. ज्या मुखपृष्ठांविषयी इतके बोललो ती आज पाहायची म्हटले तर मिळतात कोठे? अ‍ॅडम्सच्या चित्रांचे १९८१ मध्ये स्वतंत्र पुस्तक निघाले, ज्युलियन सिमन्ससारख्या जाणत्या समीक्षकाने त्यावर टिपणे लिहिली. ख्रिस्तीबाईंच्या पहिल्या आवृत्त्यांची कागदी वेष्टनेच आता पुस्तकांहून महाग झाली आहेत. आपल्याकडे काय झाले? १८४८ साली स्थापन झालेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयापासून गल्लीतल्या फिरत्या वाचनालयापर्यंत सगळीकडे रहस्यकथांना मागणी सर्वांत जास्त, म्हणून त्यांची पुस्तके सर्वांत लवकर खिळखिळी होत. मग ती बांधणीला जात. सर्वसाधारण वाचनालयांत बांधणीची रीत ठरलेली आहे: फाटके मुखपृष्ठ काढून टाकायचे, पाने टोच्याने भोके पाडून शिवायची, दोन बाजूंना पुठ्ठे, कण्याला कापड, वर अबरी कागद, आणि कापडावर दाखल क्रमांकाची चिठ्ठी. मग कडा कापून सारख्या करायच्या. पुस्तक आणखी दहा वर्षे टिके, हा बांधणाऱ्याचा उपकारच. पण झुंजार, काळापहाड आणि शेजारच्या कपाटातला गीतारहस्याचा खंड हे सारे एकाच अबरीच्या वेषात शेजारी शेजारी बसत. ज्या मुलांना घरी पुस्तक लपवून वाचावे लागे त्यांना ते सोयीचे होते, हे खरे! तथापि पिढ्यान् पिढ्या वाचकांनी अर्नाळकर वाचले ते मुळगावकरांवाचून. पेंग्विनने जे ठरवून केले ते आपल्याकडे खळीच्या वाटीने आणि कापयंत्राने झाले.

चित्रे गेली तशा सह्याही गेल्या. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असे, आणि आतल्या पानावर त्याचे नाव छापलेले असेलच असा भरवसा नाही. मुखपृष्ठ रद्दीत गेले की त्या पुस्तकापुरता चित्रकाराचा मागमूस पुसला जातो. आज एखाद्या संशोधकाने कोणत्या पुस्तकाचे चित्र कोणाचे, हे ठरवायला घेतले तर अर्धा अधिक काळ तर्क करण्यात जाईल.

म्हणून सीमाभागातल्या वाचनालयांच्या चालकांपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. इतरत्र गेलेल्या मराठी मंडळांच्या ग्रंथालयांसही ती लागू पडेल. जुन्या पुस्तकाची पुढची बांधणी करताना मुखपृष्ठ, मग ते अर्धे फाटलेले का असेना, फेकू नये. कडा कापण्यापूर्वी ते बाजूला काढून ठेवावे आणि नव्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटवावे. मागच्या बाजूचा मजकूर महत्त्वाचा असेल तर फक्त एका कडेने चिकटवावे, म्हणजे उलटून पाहता येईल. खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची जुनी रीत आहेच, तेवढ्याने कसर लांब राहते. मात्र मोरचूद विषारी आहे, तेव्हा हे काम बांधणाऱ्यावरच सोपवावे, मुलांच्या हाती देऊ नये. ज्या पुस्तकांची मुखपृष्ठे अजून शाबूत आहेत त्यांचे आधी छायाचित्र घ्यावे, आणि दाखलनोंदीत लेखकाच्या नावाशेजारी एक रकाना वाढवून सहीवरून ओळखू येणाऱ्या चित्रकाराचे नाव लिहावे. सही वाचता आली नाही तर जशी दिसते तशी उतरवून ठेवावी. कोणाच्या घरी माळ्यावर अर्नाळकरांची मुखपृष्ठासह पुस्तके पडून असतील तर ती रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या वाचनालयात दाखवून यावीत.